कोणत्याही साहाय्याविना

आधी तारखा नोंदवतो, म्हणजे पुढे कुणी "नेमके कधी?" असे विचारायला नको. श्रावणातला दुसरा रविवार, दुपारी चारची शर्यत: आमच्या साडूंनी संगणकावरच्या मोटारशर्यतीत प्रथमच ब्रेकचे यांत्रिक साहाय्य चालू ठेवून भाग घेतला. तोच रविवार, सायंकाळच्या चहापूर्वी: त्यांनी स्वतःहून तसे लेखी कळवले. तोच रविवार, चहानंतर: त्यांना स्पर्धेच्या गटातून काढून टाकण्यात आले. त्यानंतरचा मंगळवार: त्यांच्या दोन वर्षांच्या सर्व शर्यती गुणतक्त्यातून नाहीशा झाल्याचे आढळले. जबाबदार व्यक्ती तीन. पहिले, स्पर्धेचे समन्वयक, वाघोलीला राहणारे आणि एका संगणक कंपनीत नोकरीस असलेले सद्गृहस्थ. दुसरे, स्वतः आमचे साडू. तिसरा मी. हा क्रम जबाबदारीच्या चढत्या प्रमाणात आहे की उतरत्या, हे मला अद्याप ठरवता आलेले नाही.

मदत न करणाऱ्यांचे शहर म्हणून पुण्याची ख्याती आहे. परंतु मदत न घेणारा असा मनुष्य आमच्या साडूंखेरीज या शहरात दुसरा झाला नसेल. वाण्याच्या दुकानातल्या माणसाने पिशवी उचलून हातात दिली तर ते ती पुन्हा फळीवर ठेवत आणि मग स्वतः उचलत. उपाहारगृहात वाढप्याने भाजी वाढायला चमचा उचलला की, "हात आहेत मला. दोन. मोजून घ्या," असे म्हणून तो चमचा काढून घेत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर परिचारिकेने दंडाला धरून खुर्चीपर्यंत न्यायचा प्रयत्न केला तेव्हा त्यांनी पट्टी नसलेल्या डोळ्याने तिच्याकडे रोखून पाहिले आणि विचारले, "बाई, उपचार डोळ्यावर झालेत की पायावर?" एकुलत्या एका मुलीच्या लग्नात फेटे बांधायला आलेल्या माणसाला त्यांनी खुर्चीवर बसवून सरबत दिले आणि स्वतःचा फेटा स्वतःच बांधायला घेतला. मंगलाष्टके संपत आली तेव्हा ते शेवटचे टोक खोचत होते. त्या लग्नाच्या छायाचित्रांत वधूपिता कुठेही नाही.

या स्वभावाला त्यांचा व्यवसाय कारणीभूत होता, असे माझे मत आहे. कर्वेनगरात त्यांनी तीस वर्षे मोटार शिकवण्याचा वर्ग चालवला. अशा वर्गाच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, हे पुष्कळांना ठाऊक असेल. उजवीकडे शिकाऊ माणूस चाक धरून घाम पुसत असतो आणि डावीकडचा गृहस्थ शांतपणे बाहेर पाहत, वेळ आली की, आपला पाय दाबतो. तीस वर्षे ते दुसऱ्यांचा ब्रेक होते. दर धड्याच्या शेवटी ते खिशातली लहान वही काढत आणि गुण सांगितल्यासारखे सांगत, "आज माझा पाय सात वेळा लागला." ज्या दिवशी तो एकदाही लागला नाही त्याच दिवशी ते परवान्याच्या चाचणीला पाठवत, त्याआधी कुणी कितीही घाई केली तरी नाही. सुरुवातीला त्यांच्याकडे पोटासाठी मोटार शिकणारे येत. मग शहराभोवती संगणक कंपन्या उभ्या राहिल्या आणि आधी गाडी घरी आणून, तिला हार घालून, नंतर ती चालवायला शिकणारे येऊ लागले. अशाच एका तरुण अभियंत्याने त्यांना ऐकवले, "सर, आय ऑलरेडी नो द थिअरी." आमच्या साडूंनी वही उघडून दाखवली. "थिअरीला माझा पाय एकदाही लागलेला नाही. बाकी सगळं इथे लिहिलंय."

सत्तरी उलटल्यावर त्यांनी वर्ग बंद केला आणि स्वतःची पांढरी छोटी गाडीही काढून टाकली. "आता मला दुचाकीवाले उशिरा दिसतात," एवढेच कारण त्यांनी दिले. कुणी सुचवले नव्हते, डॉक्टरांनीही नाही. त्यानंतरचे वर्ष फार वाईट गेले. ते खिडकीशी बसून खालच्या चौकातल्या गाड्यांचे गिअर तोंडाने बदलत. अखेर बंगळूरुला असलेल्या मुलीने त्यांना शर्यतीच्या खेळाचे साहित्य पाठवले: खरे वाटावे असे चाक, तीन पेडल आणि संगणक. माझ्या पत्नीची थोरली बहीण, म्हणजे आमच्या ताई, यांच्या शिवणयंत्राचे टेबल हे घरातले एकमेव न हलणारे टेबल असल्याने चाक त्यावर बसवण्यात आले आणि शिवणयंत्र न्हाणीघराशेजारी गेले. ताईंनी विरोध केला नाही. "वर्षभर हे माणूस म्हणून बोलले नाहीत," त्या माझ्या पत्नीला म्हणाल्या. "आता निदान वळणावर शिव्या तरी देतात."

या खेळात नवख्यांसाठी अनेक प्रकारचे साहाय्य असते. कुठे वळावे आणि कुठे ब्रेक लावावा हे रस्त्यावर हिरव्या-तांबड्या पट्ट्याने दाखवले जाते. गिअर आपोआप बदलतात. चाके जागच्या जागी फिरू लागली तर यंत्र त्यांना आवरते; ब्रेक जास्त दाबला गेला आणि चाके अडकू लागली तर यंत्र ब्रेक हलकेच सोडते. मुले या सगळ्याला 'असिस्ट' म्हणतात. आमच्या साडूंनी पहिल्याच दिवशी, गावाला जाताना घरातले दिवे मालवावेत तसे, एकेक साहाय्य बंद केले. रंगीत पट्टा दिसताच ते म्हणाले होते, "रस्त्यावर रंग कुणी सांडलाय? रंगपंचमी आहे का?" पुढचे तीन आठवडे त्यांची गाडी रस्त्यापेक्षा गवतातच अधिक वेळ होती. एका डाव्या वळणावर त्यांनी पूर्ण आठवडा काढला. मी समोर बसून वर्तमानपत्र वाचत असे आणि ते पुनःपुन्हा त्याच कठड्यावर आदळत. आठव्या दिवशी गाडी स्वच्छ वळली. ते उठून माठातले पाणी प्यायले. आणि हे सर्व पायांत कातडी बूट घालून, कारण "चपला घालून गाडी चालवत नसतात." ज्या घरात जावयालाही उंबऱ्याबाहेर पादत्राणे काढावी लागतात त्या घरात, दिवाणखान्याच्या मध्यभागी, पॉलिश केलेले बूट! बसण्यापूर्वी ते खुर्चीभोवती एक फेरी मारीत. टायर पाहण्याची तीस वर्षांची सवय होती. टायर नव्हते, एवढाच काय तो फरक.

पुढे त्यांना इंटरनेटवरून दर रविवारी शर्यती लावणारा पुण्यातल्या हौशी मंडळींचा एक गट सापडला. गाडी ज्याची त्याने निवडायची होती. सगळ्यांनी जमिनीला टेकलेल्या, लांबुळक्या, कर्कश गाड्या निवडल्या. आमच्या साडूंनी यादीच्या अगदी तळाची, चौकोनी, चार दारांची, भाजी आणायला बरी पडेल अशी गाडी घेतली आणि दोन वर्षांत ती बदलली नाही. समन्वयकांनी स्वतः त्यांना समजावले, "काका, ही कॉम्पिटिटिव्ह नाहीये हो. एखादी प्रॉपर रेस कार घ्या ना."

"तिच्या चुका मला माहीत नाहीत."

"चुका नाहीतच तिच्यात!"

"मग मला तिच्यात बसवता कशाला?"

साहजिकच ते प्रत्येक शर्यतीत सर्वांत मागे असत. खेळताना सर्वांना एकमेकांचे बोलणे ऐकू येते. लोणी काळभोरच्या महाविद्यालयात शिकणारा एक मुलगा दर रविवारी त्यांची थट्टा करी. "काका, तुमी मागं हाय का पुढं हाय तेच कळंना राव!"

"मी रस्त्यावर आहे. आपण कुठे आहात?"

"उलटा पडलोय काका. खड्ड्यात."

"मग आपण विश्रांती घ्या. मी येतोच आहे."

आणि ते खरोखरच येत. बाकीचे एकमेकांना धडकून, कठड्यांत घुसून, रागारागाने संगणक बंद करून निघून जात. आमचे साडू मात्र दर रविवारी, न चुकता, कुणालाही न खरवडता अंतिम रेषा ओलांडत. शर्यत पुरी करणाऱ्याला गुण मिळतात. त्यामुळे दुसऱ्या वर्षाच्या आषाढात ते गुणतक्त्यात चौथ्या स्थानावर आले. ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीत कुणी "सध्या काय चाललंय?" असे विचारले की ते म्हणत, "चौथा आहे." अधिक खुलासा करत नसत.

आता माझ्या अपराधाकडे येतो. गटातले काही जण सर्व साहाय्ये वापरत आणि काही जण एकही नाही, तरी गुण सारखेच, हे आमच्या साडूंना अन्याय्य वाटे. माझे आयुष्य न्यायालयाच्या कार्यालयात गेले. मसुदा म्हटला की माझा हात आपोआप लेखणीकडे जातो. त्यांच्या विनंतीवरून मी स्पर्धेची नियमावली तयार केली. तिचे कलम चार असे: "कोणत्याही स्पर्धकाने कोणत्याही कारणास्तव कोणतेही यांत्रिक साहाय्य वापरल्यास त्या शर्यतीतील त्याचा निकाल रद्द समजण्यात येईल." त्याखाली मी अपवादाचे एक परंतुक घातले होते. त्यांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचले.

"हे काय?"

"परंतुक आहे. शारीरिक अडचण असल्यास समितीच्या पूर्वपरवानगीने—"

"खोडा."

"अहो, उद्या कुणाला खरंच गरज पडली तर?"

"ज्याला गरज पडेल त्याने बघत बसावं. परंतुक म्हणजे मागच्या दाराची किल्ली. कुंडीखाली ठेवली की आधी चोराला सापडते."

"कायद्यात असं बोलत नाहीत."

"म्हणूनच तो एवढा जाड असतो. खोडा म्हणतो ना!"

मी पट्टी लावून ओळ मारली. खोडलेल्या मजकुराशेजारी दोघांनीही रीतसर आद्याक्षरे केली. इतकी वर्षे दुसऱ्यांच्या मसुद्यांत मी अशी वाक्ये हट्टाने राखली. आणि जिथे असे वाक्य राखायला हवे होते तिथे एका आवाज चढवणाऱ्या नातेवाइकापुढे मी हात टेकले. स्पर्धेच्या समितीने नियमावली जशीच्या तशी स्वीकारली. ती कुणी पूर्ण वाचली असेल, असे मला वाटत नाही.

नियमावली झाल्यावर, दुसऱ्या वर्षाच्या वैशाखात, ताईंच्या लक्षात आले की त्यांच्या उजव्या तळव्यात शिवणाची टाचणी रुतलेली आहे आणि ते सकाळपासून तशीच घरभर फिरत आहेत. मधुमेह जुनाच होता. पायाची संवेदना कमी झाली आहे आणि ती परत येईलच असे सांगता येणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. ब्रेक किती दाबला हे हाताला, डोळ्याला किंवा कानाला कळत नाही. ते तळव्याला कळते. आमच्या साडूंच्या गाडीची चाके आता प्रत्येक वळणावर अडकू लागली आणि आषाढाच्या अखेरीस त्यांची गाडी प्रथमच दुसऱ्याच्या गाडीवर मागून आदळली. दुसरी गाडी लोणी काळभोरच्या मुलाची होती. तो म्हणाला, "जाऊ द्या काका, मी रोज चौघांना ठोकतो." त्यांनी मात्र त्याला लेखी माफीपत्र पाठवले. त्यानंतरच्या दोन रविवारी ते शर्यतीत उतरलेच नाहीत. बूट घालून बसत, पडदा उजळत, आणि नुसते पाहत राहत.

मग तो श्रावणातला रविवार आला. त्यांनी फक्त एक साहाय्य चालू केले: चाके अडकू न देणारे. आज रस्त्यावर येणाऱ्या नव्या गाडीत जे बहुधा असतेच, आणि ज्याबद्दल तिच्या मालकाला कुणी चालक मानायचे थांबवत नाही, ते. हे साहाय्य कामाला लागले की पडद्याच्या कोपऱ्यात एक पिवळा दिवा लुकलुकतो. मी शेजारीच होतो. गाडी चालवता चालवता ते तो दिवा मोजत होते. शर्यत पुरी झाली. कुणाला धक्का नाही, गवत नाही. चाक सोडून त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या दिवसाच्या चौकोनात लिहिले: "त्याचा पाय, चौदा." मग फोन घेऊन गटावर लिहिले की आजच्या शर्यतीत मी ब्रेकचे साहाय्य चौदा वेळा घेतले, सबब कलम चारप्रमाणे माझा निकाल रद्द करावा.

"कुणाला कळलंही नसतं," ताई म्हणाल्या.

"मला कळलं ना."

समन्वयकांचे उत्तर आले: जोडलेले दोन हात आणि "रूल इज रूल काका, रिस्पेक्ट." त्याखाली, त्यांना गटातून काढून टाकल्याची ती सुप्रसिद्ध करडी ओळ. मंगळवारी मी तक्ता उघडून पाहिला तेव्हा चौथ्या स्थानावर दुसरेच नाव होते. त्यांचे नाव वर नाही, खाली नाही, मागच्या वर्षीच्या तक्त्यातही नाही. कलम चार "त्या शर्यतीतील" निकाल रद्द करते. ते सदस्यत्व काढून घेत नाही. मागील निकालांना तर ते स्पर्शही करत नाही. ते मी लिहिले आहे. त्यात काय आहे हे मला सांगण्याची आवश्यकता नाही.

मी वाघोलीच्या पत्त्यावर नोंदणीकृत पत्र पाठवले. पोच आली, उत्तर म्हणून माझ्या फोनवर एक अंगठा आला. पूर्वी ज्यांना सही येत नसे ते अंगठा देत, असे मी दुसऱ्या पत्रात नमूद केले. तिसऱ्या पत्रानंतर समन्वयकांचा दूरध्वनी आला. आवाज सौम्य होता. माणूस दुष्ट नाही, हे मी येथे मुद्दाम लिहितो.

"काका, मुद्दाम नाही केलं कोणी. प्लेअर रिमूव्ह केला की सिस्टीममधून त्याची हिस्टरीच जाते. बॅकअप नव्हता. मलाही नंतर कळलं."

"मग हे गटावर लिहा. चुकून गेलं, इतकंच."

"आता सीझन संपत आलाय. परत सगळे रँकवरून भांडतील. कशाला उगाच?"

"त्यांचे दोन वर्षांचे रविवार आहेत ते."

"काका, प्लीज... गेम आहे तो."

मी फोन ठेवला.

आमच्या साडूंना मी पत्रांच्या प्रती दाखवल्या. त्यांनी त्या व्यवस्थित घडी घालून परत केल्या. "नियम आपलाच आहे. दुसऱ्याला कशाला त्रास?" मी म्हणालो की नियम आपला आहे, पण समन्वयकांनी केले ते नियमात नाही. ते म्हणाले, "असेल." पूर्वी ते 'असेल' कधी म्हणत नसत, 'नाही' तरी म्हणत किंवा 'मूर्ख आहात' तरी. गेल्या आठवड्यात डॉक्टरांच्या जिन्यावर मी सवयीने दोन पायऱ्या अंतर राखून चालत होतो, कारण जवळ गेलो तर ते ओरडतात. अर्ध्यात थांबून त्यांनी माझा दंड धरला, घट्ट, आणि तसेच खाली उतरले. रिक्षात बसताना चालकाने हात दिला, तोही घेतला. उपाहारगृहात वाढप्याने भाजी वाढली आणि ते त्याला चक्क "थँक यू" म्हणाले. माझी पत्नी त्या रात्री म्हणाली, "भाऊजी किती निवळले नाही?" मला ते निवळणे पाहवत नाही. त्यांनी माझा हात झिडकारावा, चारचौघांत माझा अपमान करावा, यासाठी मी वाटेल ते देईन.

समन्वयकांनी माझ्या पत्रांना खाजगी उत्तर देऊ नये. ते मी वाचणार नाही. माझी मागणी जाहीर आहे आणि उत्तरही जाहीर हवे. ते दोन वर्षांचे निकाल नियमाने गेले असतील तर कलम दाखवावे. चुकून गेले असतील तर तसे एका ओळीत लिहून नाव पुन्हा चौथ्या जागी ठेवावे. आषाढातल्या तक्त्याची छापील प्रत माझ्याकडे आहे, ती मी विनामूल्य देईन. खोडलेले परंतुक कलम चारमध्ये पुन्हा घालण्यासाठीचा मसुदाही सोबत जोडला आहे आणि या वेळी तो कुणाच्याही सांगण्यावरून मी खोडणार नाही. उत्तर त्याच गटावर द्यावे. शर्यत पाहता यावी म्हणून ताईंना कधी काळी त्या गटात घेतले होते. त्या अजून तिथे आहेत, हे कुणाच्या ध्यानात आलेले दिसत नाही. रविवारी शर्यत संपली की आमचे साडू ताईंचा फोन मागून घेतात, चष्मा लावतात आणि आठवड्याचे सगळे संदेश पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतात. मग फोन परत देतात. येत्या रविवारपूर्वी तिथे काहीतरी लिहिलेले असावे.